शांताक्कांचं ब्याड

मागच्या दिवाळीनंतर आमच्या गल्लीत अशी बातमी फुटली, की बसप्पा आडत्यांच्या घरी दुपारचा एक तरणा माणूस येतो. बसप्पा मोंढ्यात गेले की येतो. थेट स्वयंपाकघरापर्यंत जातो. मोठमोठ्यानं हसतो, गाणी म्हणतो, मधेच करडासारखा ओरडतो. आणि शांताक्का कपाळाला विभूती लावून, इरकली पदर खोचून त्याच्या पुढ्यात भाकरी थापत बसतात. त्याच्याशी एक शब्द बोलत नाहीत. हे न बोलणंच लोकांना जास्त खुपलं. बोलणं ऐकू आलं असतं तर माहेरचा कुणी भाचा-पुतण्या असेल म्हणून सोडून दिलं असतं.

बातमी मी उठवली नाही. मी फक्त ती खरी आहे का ते बघायला गेले. त्यासाठी विरजण लागतं. आमच्या घरचं विरजण त्या दिवशी अचानक संपलं, वाटी घेऊन मी शांताक्कांच्या मागच्या दारानं आत शिरले, आणि बघते तर काय, बाई एकट्याच. परातीशेजारी मोबाईल पालथा पडलेला आणि त्याच्या पोटातून आवाज येतोय, 'मामा आला, मामा आला, मामानं काय लपवलं?' तरणा माणूस तो एवढाच. माझी निराशा झाली, खोटं कशाला बोलू.

आवाज आमच्याच कळंबच्या कुलदीपचा. ढोकी रस्त्याला त्याचं शेत आहे, तिथल्या पत्र्याच्या शेडमधून तो लहान पोरांसाठी व्हिडिओ काढतो. चॅनलचं नाव 'मामाचा मळा'. डोक्याला पिवळा फेटा, काखेत करडू, बोलणं अस्सल आपल्याकडचं. पोरं त्याला बघून जेवतात, आया त्याला दुवा देतात, शाळेच्या गॅदरिंगला तो पाहुणा म्हणून येतो आणि हेडमास्तरांपेक्षा जास्त टाळ्या घेऊन जातो.

मी विचारलं, "अक्का, बिचाऱ्याला पालथा का घातलाय?"

"तोंड बघत ऐकलं की माणूस गोड लागतंय," शांताक्का म्हणाल्या. "विरजण न्यायला आलीस ना? ने. आणि गल्लीत काय सांगायचं ते बाहेर जाऊन सांग, इथं भाकरी करपती."

या बाईंपासून काही लपून राहत नाही. त्या मूळच्या आळंदकडच्या, म्हणजे हद्दीपलीकडच्या. लग्न होऊन कळंबला आल्या त्याला इतकी वर्षं झाली, की त्यांचं मराठी आमच्यापेक्षा धारदार झालं. तरी मधेमधे कानडी शब्द येतोच, पुरणपोळीत वेलदोड्याचं टरफल यावं तसा. आणि स्वभाव म्हणाल तर संशयी. दूधवाल्यानं हसून नमस्कार केला, की त्या दिवशी दूध तापवायच्या आधी वास घेतात. लग्नाच्या पंगतीत वाढपी फार आग्रह करायला लागला, की जिलबी उलटून बघतात. असल्या बाईच्या हातात मोबाईल दिला कुणी, तर राजनंदिनीनं.

राजनंदिनी शांताक्कांच्या समोरच्या घरातली. एसटीत कंडक्टर आहे, कळंब-तुळजापूर गाडीवर असते. नवरा उत्तरेश्वर बोअरच्या मोटारी दुरुस्त करत रानोमाळ फिरतो. पोरगी तन्मयी, पाच वर्षांची, तिला सगळी तनू म्हणतात. बालवाडी सुटली की तनू शांताक्कांकडं येते, जेवते, त्यांच्या शेजारी झोपते, आणि संध्याकाळी आई गाडी डेपोत लावून आली की घरी जाते. शांताक्कांची स्वतःची नातवंडं बेंगळुरूला. वर्षातून एकदा येतात आणि आजीशी इंग्रजीत भांडून जातात. तेव्हा तनू म्हणजे काय, ते तुम्ही समजून घ्या.

तर तनू मोबाईल समोर असल्याशिवाय घास गिळेना. राजनंदिनीला काळजी पडली. ती म्हणाली, अक्का, मी दिवसभर गाडीत, मला काय दिसतंय. ती जे बघती ते आधी तुमी बघत जावा. लोक म्हाताऱ्या माणसांना देवळात बसवून येतात, हिनं मोबाईलपुढं बसवलं. शांताक्कांनीही ते काम असं घेतलं, जसं पोराकडच्यांचं स्थळ बघायचंय.

त्यांची रीत त्या विरजणाच्या दिवसानंतर मी खिडकीतून पाहिलेली आहे. खिडकी समोरासमोर आहे, त्याला माझा इलाज नाही. आधी त्या आवाज बंद करून व्हिडिओ लावतात आणि डाळ निवडत निवडत नुसतं बघतात. मग तोच व्हिडिओ आवाज मोठा करून मोबाईल पालथा घालतात आणि भाकरी थापत नुसता ऐकतात. दिसायला एक आणि बोलायला दुसरंच, असं किती वेळा निघतं बघ, असं त्या मला म्हणाल्या. त्यानंतर मोबाईल तनूच्या हातात. त्या वेळेला शांताक्का मोबाईलकडं ढुंकून बघत नाहीत, तनूकडं बघतात. आणि सगळ्यात जास्त बघतात ते मोबाईल फडताळात गेल्यावर. पोर किती वेळ धुसफुसतं, काय मागतं, कुणाला काय म्हणतं, बाहुलीला मारतं की झोपवतं. चहाची वेळ होईपर्यंत बाईंचा डोळा पोरीवर. मी म्हणते, एवढं लक्ष पोलिसांनी ठेवलं तर मोंढ्यातल्या चोऱ्या थांबतील.

पहिली शिकार सापडली ती एका निळ्या केसांच्या बाहुलीच्या चॅनलमध्ये. मुकं बघितलं तर बाहुली केक करते, फुगे फुगवते, सगळं छान. पालथं घालून ऐकलं तर बाहुली बारीक आवाजात म्हणत होती, हे आपलं सीक्रेट हं, मम्माला सांगायचं नाही. शांताक्कांनी संध्याकाळी राजनंदिनीला एवढंच विचारलं, की 'आईला सांगू नको' म्हणणारा माणूस घरात शिरला तर आपण त्याला चहा करतो का? राजनंदिनीनं बाहुली तिथल्या तिथं बंद केली आणि ही गोष्ट बालवाडीच्या आयांच्या ग्रुपवर टाकली.

झालं. दुसऱ्या दिवसापासून शांताक्कांच्या मोबाईलवर व्हिडिओंचा रतीब सुरू. हे बघून सांगा अक्का, ते बघून सांगा अक्का. बसप्पांच्या आडतीवर सुगीत एवढा माल येत नसेल.

आता त्या सगळं बरोबरच ओळखतात असं समजू नका. मुंग्यांच्या वारुळाचा एक चांगला व्हिडिओ त्यांनी घालवला होता. का, तर सांगणारा फार भराभरा बोलतो. इतक्या घाईनं खरं कोण बोलतं? त्यात काहीच वावगं नव्हतं, तो माणूस बिचारा जन्मजात घाईचा होता. शेवटी एका आईनं भांडून तो परत मिळवला. उलट एक भजनं म्हणणारी गोड पोरगी त्यांनी डोळे झाकून पास केली. भजन संपल्यावर आपोआप पुढचा व्हिडिओ लागला, त्यात एक बाप्या पैजेवर मिरच्या खात होता. तनूनं जेवणातली हिरवी मिरची तोंडात घातली आणि गल्ली डोक्यावर घेतली. तेव्हापासून शांताक्का व्हिडिओ संपल्यावरही बोट लावत नाहीत, पाठीमागून कोण येतंय ते बघत बसतात. त्यांच्या संशयाला तेवढीच आणखी एक जागा मिळाली.

निकाल मात्र त्या फार थोडक्यात देतात. लांबण लावायची सवय नाही. चांगलं असेल तर 'चालतंय'. थोडंच दाखवा, मग बंद करा, असं असेल तर 'साकु'. आणि दाखवूच नका असं असेल तर 'ब्याड'. साकु म्हणजे काय ते आयांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं. साकु म्हणजे पुरे, बास. काहींनी तर पोरांना साकु म्हणायला सुरुवात केली, जपानी शब्द असल्यासारखी. ब्याडचा अर्थ कुणी विचारला नाही. साकु कुणाला येत नव्हतं म्हणून विचारलं. ब्याड सगळ्यांना येत होतं.

आता खरी गोष्ट.

बालवाडीच्या गॅदरिंगमध्ये तनूनं कोंबडीचा नाच केला आणि पाहुणा म्हणून आलेल्या कुलदीपमामाला ती आवडली. त्यानं राजनंदिनीला गाठलं. म्हणाला, ताई, येत्या रविवारी एक व्हिडिओ काढायचाय, त्यात तुमची तनू पाहिजे. तुमी फक्त तिला स्टँडवर घेऊन या, तुमीबी व्हिडिओत असणार, बाकी सगळं सरप्राईज हाय. राजनंदिनीचा चेहरा असा फुलला की बस्स. दिवसभर 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणून ओरडणाऱ्या बाईला कुणी व्हिडिओत बोलावलं होतं. तनू तर त्या दिवसापासून डोक्याला पिवळा टॉवेल बांधून फिरायला लागली. राजनंदिनीनं मला सांगितलं, अक्कांनी चालतंय म्हणलं की मी होकार कळवती. म्हणजे तनूचा रविवार शांताक्कांच्या एका शब्दावर येऊन थांबला. म्हणूनच त्या आठवड्यात कुलदीपमामा दुपारभर परातीशेजारी पालथा पडलेला होता.

मला वाटलं, हे तर सोपं काम. मामाच्या व्हिडिओत वाईट काय असणार? शिवी नाही, मारामारी नाही, कुणाला काही विकत नाही. करडू आहे, ऊस आहे, विहीर आहे. गंमत म्हणजे फक्त लपवाछपवीची. मामा कुणाची तरी वस्तू लपवतो. पोराचा चेंडू, पोरीचं मांजर, एकदा एका पोराचं नवीन दप्तर. पोर शोधतं, शोधून दमतं, रडायला लागतं. मग मामा ती वस्तू काढून देतो, 'मामानं फसवलं' म्हणून गाणं म्हणतो आणि सगळी हसतात. मी स्वतः दोन-चार बघितले आणि हसले. शांताक्का हसल्या नाहीत. पण त्या एरवी तरी कुठं हसतात?

त्याच आठवड्यात एका दुपारी बसप्पा जेवायला घरी आले आणि त्यांचा चष्मा सापडेना. फडताळ बघितलं, देवघर बघितलं, सदऱ्याचे खिसे उलटे केले. मी खिडकीत होतेच. बसप्पा गुडघ्यावर हात टेकून कॉटखाली वाकले, तर तनू त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. एक हात समोर धरलेला, मोबाईल धरतात तसा, आणि डोळे त्यांच्या तोंडावर. बराच वेळ वाट बघून ती म्हणाली,

"रडा की, आजोबा."

चष्मा तिनं पिठाच्या डब्यात घातला होता. बसप्पांना हसू आलं, मलाही आलं. शांताक्कांनी चष्मा पुसला, पोरीला रागावल्या नाहीत, जवळ घेऊन झोपवलं. संध्याकाळी राजनंदिनी खाकी कपड्यांतच दारात आली. घाईत होती, चूल पेटवायची होती. विचारलं, अक्का, मग मामाचं काय? शांताक्का म्हणाल्या, "ब्याड."

राजनंदिनीनं पोरीचा हात धरला आणि गेली. घरी जाऊन तिनं ग्रुपवर काय लिहिलं ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगू शकते, कारण ते रात्रीच्या आत कळंबभर झालं होतं. 'अक्कांनी मामाचा मळा बॅड म्हणून सांगितलंय.' त्यातलं बॅड इंग्रजीत, आणि शेवटी रडका चेहरा.

दुसऱ्या दिवशी गाव पेटलं. कुणी म्हणालं, बॅड म्हणजे त्याचं चालचलन बॅड. कुणी म्हणालं, शेडमध्ये पोरं नेतो म्हणजे काहीतरी असणारच. ज्या आया काल दुवा देत होत्या त्या आज आपापल्या पोरांना विचारायला लागल्या, मामानं तुला कधी काय केलं का रं? एका पोरानं 'व्हय, मामानं माझा चेंडू घेतला' म्हणून सांगितलं, तर त्याचीही चौकशी झाली. बालवाडीनं मामाचं पुढचं आमंत्रण गुपचूप थांबवलं.

दुसरी बाजूही गप्प बसली नाही. त्यांचा संशय शांताक्कांवर. म्हातारीचा कुणी नातू चॅनल काढणार असेल, म्हणून ती आपल्या पोराला पाडते. बसप्पांचं आणि कुलदीपच्या वडिलांचं मोंढ्यात कधी काही वाजलं होतं का, याचा तपास झाला. काही सापडलं नाही. मग न सापडण्याचाही संशय आला.

राजनंदिनी माझ्याकडं येऊन बसली. तिचा संशय सगळ्यात वाईट होता, कारण तो अर्धा खरा वाटत होता. ती म्हणाली, "वहिनी, मला एक वाटतंय, कुणाला सांगू नका. अक्कांना तनू कुणाला द्यायचीच न्हाय. त्यांची नातवंडं लांब हायत. माझ्या पोरीला दुसरं कुणी आवडलेलं त्यांना बघवत न्हाय."

मी तिला न्हाय म्हणाले नाही. व्हय पण म्हणाले नाही. तनूला झोप लागल्यावर शांताक्का तिच्या कपाळावरचे केस ज्या बोटानं बाजूला करतात, ते बोट मी पाहिलेलं आहे.

रविवार दोन दिवसांवर आला आणि संध्याकाळच्या वेळेला कुलदीप स्वतः बसप्पांच्या दारात उभा राहिला. फेटा नव्हता. फेट्याशिवाय तो अगदी साधा, थोडा बारका पोरगा दिसत होता. राजनंदिनी तनूला न्यायला आलेली, बसप्पा झोपाळ्यावर, आणि मी, अर्थातच, वाटी परत करायला आलेली. तनूनं 'मामा' म्हणून त्याच्याकडं धाव घेतली. त्यानं तिला कडेवर घेतलं आणि तिच्या हातात पेरू दिला. वाईट माणूस असा पेरू देत नाही, असं मला वाटलं. शांताक्कांना काय वाटलं ते त्यांच्या डोळ्यांत दिसलं. त्या पेरूकडं बघत नव्हत्या, त्याच्या सदऱ्याच्या खिशाकडं बघत होत्या.

"बस बाबा," त्या म्हणाल्या. "आणि खिशातला मोबाईल भायेर काढून ठिव. त्याचं डोळं आमच्याकडं हायत."

कुलदीपचा चेहरा उतरला. खिशातून मोबाईल वर डोकावत होता आणि चालू होता. तो म्हणाला, अक्का, तसं न्हाय, माझ्यावर आळ आलाय, उद्या कोण काय म्हणलं तर माझ्याकडं पुरावा पाहिजे ना. शांताक्का म्हणाल्या, बरोबर हाय तुझं. मोबाईल त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केला आणि सवयीनं पालथा घातला.

मग कुलदीपनं मन मोकळं केलं. खरं सांगते, मला त्याची कीव आली. बी.एस्सी. होऊन नोकरी मिळाली नाही. पोरांना हसवावं म्हणून हे सुरू केलं. कधी अचकट शब्द वापरला नाही, कुठली वस्तू खपवली नाही. आणि आता त्याची आई पाणी भरायला गेली तर बाया बोलायच्या थांबतात. "अक्का," तो म्हणाला, "मी काय बॅड केलं ते एकदा तोंडावर सांगा. मी चॅनल बंद करतो."

शांताक्का गोंधळल्या. त्यांना गोंधळलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. त्या म्हणाल्या, मी कवा म्हणले तू वाईट हायस? राजनंदिनी म्हणाली, अक्का, तुमीच तर म्हणलात, माझ्या कानानं ऐकलं, बॅड म्हणलात. शांताक्का म्हणाल्या, व्हय, ब्याड म्हणले की. वाईट कुठं म्हणले?

सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. तेव्हा बसप्पांनी झोपाळा पायानं थांबवला. हे गृहस्थ दिवसाला एखादं वाक्य बोलतात आणि ते बहुतेक वेळा ज्वारीविषयी असतं.

"अरं, ती कानडीत बोलती," बसप्पा म्हणाले. "ब्याड म्हंजी नको. लगीन झाल्यापासनं रोज मला ब्याड म्हणती. म्हणून मी काय वाईट हाय?"

हसू असं उसळलं की तनूसुद्धा काही न कळता हसली. राजनंदिनीनं कपाळाला हात लावला. पंगतीत शांताक्का पानावर आडवा हात धरून 'ब्याड, ब्याड' म्हणतात ते आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं. आम्हाला वाटायचं, बाई स्वयंपाकाला नावं ठेवतात. म्हणून किती वाढपी त्यांच्यावर रुसले असतील, देव जाणे.

कुलदीपचा जीव भांड्यात पडला. राजनंदिनीनं तिथंच उभ्या उभ्या ग्रुपवर खुलासा लिहायला घेतला. सगळं एकदम सैल झालं. चहा आला. कुलदीप हसत म्हणाला, मग काय ताई, रविवार पक्का ना? आता तर अक्कांचीबी हरकत न्हाय. राजनंदिनी म्हणाली, मी काय न्हाय म्हणती? तनूनं पिवळा टॉवेल शोधायला धाव घेतली.

मलाही वाटलं, संपलं. पण शांताक्कांनी कपात फुंकर मारली आणि अगदी सहज विचारलं, जसं भाजीचा भाव विचारावा तसं, की बाबा, ह्या टायमाला तू काय लपवणार हायस?

कुलदीप खुश झाला. आपल्या कामात कुणी रस घेतला की माणसाला बरं वाटतंच. त्यानं सगळं सांगितलं, हातवारे करून. स्टँडवर तनू आईबरोबर येणार. आई कंडक्टरच्या कपड्यात, गाडीत चढणार. तनूला वाटणार आपणबी जायचंय. तेवढ्यात बेल, आणि गाडी निघणार, फक्त गेटापर्यंत. तनू फलाटावर एकटी. मग मामा येणार आणि म्हणणार, आई गेली, आता आई येत न्हाय, मामानं तुझी आई लपवली. ती रडणार. लई न्हाय, थोडंच. गाडी गेटातून वळून परत, आई खाली उतरणार, मिठी, चॉकलेट, गाणं. "ताई, खरी आई, खरी गाडी. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येणार बघा."

त्याच्या मनात खरंच पाप नव्हतं. बोलताना त्याच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

राजनंदिनी लिहिता लिहिता थांबली. तिनं शांताक्कांकडं बघितलं, आणि मला कळलं की ती काय आठवतेय. रोज दुपारी आईची गाडी तुळजापूरकडं निघाली की तिचा हॉर्न आमच्या गल्लीत ऐकू येतो. घास घेता घेता तनू थांबते आणि शांताक्कांना विचारते, आई परत येणार ना? रोज. शांताक्का रोज सांगतात, येणार. मग तनू पुढचा घास घेते. हे राजनंदिनीला शांताक्कांनीच कधीतरी सांगितलं होतं आणि राजनंदिनी ते ऐकून खाकी कपड्यांतच रडली होती.

तनू डोक्याला टॉवेल बांधून परत आली आणि मामाच्या शेजारी उभी राहिली.

राजनंदिनीनं तिचा टॉवेल हळूच सोडला. म्हणाली, "कुलदीप, तनू येणार न्हाय. तुझ्याबद्दल गैरसमज झाला तो मी मिटवती, ग्रुपवर लिहिती, बालवाडीत जाऊन सांगती. पण ती येणार न्हाय."

तनूनं भोकाड पसरलं. राजनंदिनीनं तिला उचललं आणि पोरगी पाय झाडत असताना तशीच घेऊन गेली. समोरच्या घरातून रडणं बराच वेळ ऐकू येत होतं.

कुलदीप उभा राहिला. त्यानं मोबाईल उचलून खिशात घातला. त्याला राग आला होता, पण वयाचा मान ठेवून तो खालच्या आवाजात बोलला. म्हणाला, बघा अक्का, आता पण रडतीच हाय ना ती? माझ्याकडं रडली असती तर शेवटी हसली तरी असती. लाख लाख लोक हे व्हिडिओ बघतात, आपल्या पोरांना मांडीवर घेऊन बघतात, कुणाला काही खटकत न्हाय. तुमालाच कसं खटकतं? का राजनंदिनीताई म्हणतात तेच खरं, की पोरगी तुमाला तुमच्याजवळच पाहिजे?

राजनंदिनी हे त्याच्याजवळ कधी बोलली, कुणास ठाऊक. माझ्याकडून गेलं नाही. मी चहाच्या कपात बघत बसले. मला वाटलं, आता बाई दुखावणार, आता ह्याला दारातून घालवणार.

शांताक्कांनी रिकामे कप एकात एक ठेवले आणि म्हणाल्या, "पाहिजे की. न्हाय कोण म्हणतंय? तुजं व्हिडिओ बघणारी लाख असतील बाबा, ती बघून झोपून जातील. सोमवारी गाडीचा हॉर्न वाजल्यावर ती पोरगी इचारंल, आई परत येणार ना, तवा ते लाख लोक न्हाईत माझ्या स्वयंपाकघरात. मीच हाय."